नियतीच्या शेजारची चाळ

महाविद्यालयात मी मराठी शिकलो नाही. वाचलेल्या पुस्तकापुढे तारीख आणि दोन ओळींचा शेरा लिहायचा, ही सवय मात्र सदतीस वर्षं टिकली. गेल्या उन्हाळ्यात त्या वह्या काढून मोजदाद केली. ‘रमलखुणा’ अकरा वेळा, ‘काजळमाया’ नऊ वेळा. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’पुढे २०१३ची एकच नोंद : ‘दोन कथा वाचल्या. परत केलं. जी.एं.ची उंची नाही.’

या शेऱ्याची आज लाज वाटते. जी.एं.चा माणूस अखेर एखाद्या अनाकलनीय सत्तेसमोर उभा असतो. पवारांच्या गिरणगावात, १९८२च्या संपानंतर, माणसांवर जे ओढवतं त्याच्या मागे मालक, जमीन, पुढारी असे ओळखू येणारे हात आहेत. ते ओळखू येतात म्हणूनच मी कथा उथळ ठरवली!

ऑगस्ट २०२१मध्ये पवार गेले. पुस्तक पुन्हा आणलं आणि या वेळी शेवटपर्यंत वाचलं. मग सवयीनं जी.एं.कडे वळलो, पण ‘निळासावळा’ आणि ‘पारवा’कडे, म्हणजे १९५९-६०च्या, मी कायम ‘पूर्वतयारी’ समजत आलेल्या जी.एं.कडे. तिथली कोंदट घरं, पैशाची ओढाताण, दुसऱ्याच्या उपकारावर काढलेले दिवस आता ठळक दिसू लागले. ज्याला मी नियती म्हणत होतो, त्यातला बराच भाग रिकाम्या खिशाचा होता. सगळा नव्हे. ‘इस्किलार’ला पगाराचा हिशेब लावणं हास्यास्पद होईल. पण जी.एं.च्या सुरुवातीच्या कथा केवळ नियतिवादाच्या चष्म्यातून वाचणाऱ्या समीक्षेशी (तिच्यात माझे दोन लेखही आले) माझं आता पटत नाही. आणि हे मला जी.ए. बाराव्यांदा वाचून कळलं नसतं.

खुद्द जी.ए. एवढे एकमार्गी नव्हते. अमेरिकेतल्या रानात वसाहत करणाऱ्या माणसांच्या कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी ‘रान’पासून एकामागून एक मराठीत आणल्या. त्यांचे भक्त मात्र ‘प्रवासी’च्या पलीकडे जायला तयार नसतात.

जुना शेरा खोडलेला नाही. खाली नवी तारीख टाकली आहे. किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ दोनदा आणून न वाचता परत केलं होतं. ते पुन्हा आणलंय. ते संपेपर्यंत जी.एं.चं कपाट बंद.