उंदराचे मूत्रपिंड आणि माणसाची मात्रा : पेनिसिलिनच्या प्राणिप्रयोगांचे चिकित्सक वाचन

प्रतिजैविक शरीरात कसे शोषले जाते, कोठवर पसरते, किती काळ टिकते व कोणत्या मार्गाने बाहेर पडते, याचा अभ्यास म्हणजे औषधगतिशास्त्र. या शास्त्राची बहुतेक आकडेवारी प्रथम प्रयोगशाळेतील प्राण्यांवर मिळते व मग ती माणसाकडे नेली जाते. हे नेणे वाटते तितके सरळ नाही. प्रस्तुत लेखात पेनिसिलिनविषयक प्रयोगांच्या आधारे त्यातील एका दोषाचा विचार केला आहे. प्राण्यावरून माणसासाठी औषधाचे प्रमाण बदलून घेतले जाते, परंतु काळ बदलून घेतला जात नाही, हा तो दोष होय.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा १९२९ चा निबंध सर्वपरिचित आहे. त्यात बुरशीचा अर्क ससा व उंदीर यांना अपायकारक ठरत नाही, एवढे नोंदविले आहे. त्यांचे सहायक स्टुअर्ट क्रॅडॉक यांनी सशाच्या शिरेत पेनिसिलिन टोचून पाहिले होते. अर्ध्या तासात त्याचा प्रभाव रक्तातून नाहीसा झाला. दुसरीकडे काचपात्रात जीवाणू मरण्यास चार तासांहून अधिक वेळ लागत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की औषध काम करण्यापूर्वीच निघून जाते, असा निष्कर्ष निघतो. पोटातून घेण्याच्या औषधाविषयी फ्लेमिंग यांची आशा येथेच मावळली असावी, असे त्यांचे सहकारी रोनाल्ड हेअर यांनी पुढे मांडले. निरीक्षण अचूक होते. त्याचा अर्थ मात्र अपुरा लावला गेला. औषध लवकर बाहेर पडते याचा अर्थ ते निरुपयोगी आहे असा होत नाही. ते पुन्हा पुन्हा द्यावे लागेल, एवढाच तो होतो. आश्चर्य असे की, संसर्ग झालेल्या उंदराला पेनिसिलिन देऊन पाहण्याचा साधा प्रयोग लंडनच्या त्या प्रयोगशाळेत झालाच नाही.

तो ऑक्सफर्ड येथे २५ मे १९४० रोजी झाला. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध त्याच वर्षी २४ ऑगस्टच्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आठ उंदरांना मारक प्रमाणात स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू टोचले. चौघांना औषध दिले नाही, ते पहाटेपर्यंत मेले. उरलेल्या चौघांपैकी दोघांना १० मिलिग्रॅमची एकच मात्रा, तर दोघांना ५ मिलिग्रॅमच्या अनेक मात्रा काही काही तासांच्या अंतराने मिळाल्या. पुन्हा पुन्हा मात्रा मिळालेले उंदीर एकच मात्रा मिळालेल्यांपेक्षा अधिक काळ जगले. पुढील मोठ्या प्रयोगांत तीन-तीन तासांनी, रात्रीही, टोचणे सुरू राहिले. क्रॅडॉकच्या सशाने जे सांगितले होते, ते येथे वेळापत्रक म्हणून वाचले गेले. या निबंधाची खरी थोरवी यात आहे.

तरीही समीक्षकाने त्याची मर्यादा नोंदविली पाहिजे. निबंधाचा भर जगलेल्या व मेलेल्या उंदरांच्या संख्येवर आहे. औषध टोचल्यावर रक्तातील संहती तासागणिक कशी उतरली, याची सारणी त्यात नाही. त्यामुळे तीन तासांचे अंतर यशस्वी ठरले एवढे कळते. ते का यशस्वी ठरले, हे कळत नाही.

याचा परिणाम १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायावर झालेल्या उपचारात दिसतो. त्याला प्रथम २०० मिलिग्रॅम व नंतर तीन-तीन तासांनी १०० मिलिग्रॅम औषध दिले गेले. माणूस उंदराच्या सुमारे ३००० पट मोठा, हे गणित फ्लोरी यांच्यासमोर होतेच. आता २० ग्रॅमच्या उंदराला ५ मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे २५० मिलिग्रॅम. अलेक्झांडरची पुढील प्रत्येक मात्रा किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास येते. औषधाची शुद्धता व रोग दोन्ही भिन्न असल्याने या तुलनेवर फार भार टाकता येत नाही. परंतु एक गोष्ट डोळ्यांत भरते. मात्रा इतकी बदलली, तासांचे अंतर मात्र उंदराचे तेच माणसाला लागू झाले. रुग्ण सुधारू लागला. त्याच्या मूत्रातून पेनिसिलिन काढून पुन्हा वापरले गेले. साठा संपला आणि १५ मार्च रोजी तो दगावला.

माणसात पेनिसिलिनचा अर्धायुकाल सुमारे अर्धा तास असतो. उंदरात तो त्याहूनही बराच कमी. मूत्रपिंड हे औषध केवळ गाळत नाही, तर त्यातील नलिका ते सक्रियपणे बाहेर टाकतात. म्हणूनच पुढे हा मार्ग अडविण्यासाठी प्रोबेनेसिड वापरात आले. काळाचा प्रश्न हॅरी ईगल यांनी १९५० च्या सुमारास उंदीर व ससे यांच्यावर प्रयोग करून सोडविला. पेनिसिलिनची परिणामकारकता मात्रेच्या मोठेपणावर नव्हे, तर रक्तातील संहती प्रभावी पातळीच्या वर एकूण किती काळ राहते यावर ठरते, असे त्यांनी दाखविले. अमायनोग्लायकोसाइड गटाची गोष्ट निराळी; तेथे संहतीची उंची महत्त्वाची ठरते. हा भेद विल्यम क्रेग यांनी श्वेतपेशी घटविलेल्या उंदराच्या मांडीत संसर्ग घडवून, मात्रा व अंतर दोन्ही स्वतंत्रपणे बदलून, पक्का केला.

उंदराच्या शरीरातून औषध फार वेगाने जाते म्हणून अशा काही प्रयोगांत युरेनिल नायट्रेट देऊन त्याच्या मूत्रपिंडाला आधी इजा केली जाते, जेणेकरून औषध माणसाप्रमाणे रेंगाळावे. निरोगी उंदीर हा या बाबतीत माणसाचा प्रतिनिधी नाही, याची ही पद्धतच कबुली देते. गिनीपिगला पेनिसिलिन घातक ठरते, हे १९४३ मध्ये कळले. त्याचे कारण आतड्यातील जीवाणूंचा समतोल ढळणे हे असल्याने तो या प्रश्नाचा भाग नव्हे, जरी पाठ्यपुस्तके दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबतात.

महाविद्यालयीन अध्यापनात आज काय चालते? शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेला कोष्टक घेऊन उंदराची मात्रा १२.३ ने भागावयाची व उत्तर 'मानवी मात्रा' म्हणून लिहावयाचे. हे कोष्टक ज्या अमेरिकी मार्गदर्शिकेतून (२००५) प्रचलित झाले, तिचा हेतू निरोगी स्वयंसेवकांसाठी सुरक्षित आरंभिक मात्रा ठरविणे हा होता. रोग बरा करणारी मात्रा शोधणे हा नव्हे. शिवाय भागाकाराने मिलिग्रॅम बदलतात, तास बदलत नाहीत. पेनिसिलिनसारख्या औषधाबाबत तर तासच निर्णायक आहेत. संहती प्रभावी पातळीखाली वारंवार गेली की उपचार फसतो आणि प्रतिरोधी जीवाणूंना वाव मिळतो. प्राणिप्रयोगाच्या प्रबंधात मात्रेच्या रकान्याशेजारी त्या प्राण्यातील अर्धायुकाल, दोन मात्रांतील अंतर व प्रथिनांना न चिकटलेल्या औषधाचे प्रमाण हे तीन रकाने नसतील, तर परीक्षकाने तो प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठविणेच योग्य ठरेल.