पाचटाचा कोळसा : हिशेबातले दोन रकाने

सातारा-सांगलीत तेलशेल मिळणार नाही. हा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा. तेलशेल हा गाळाचा खडक. त्यात प्राचीन जीवांच्या अवशेषांपासून बनलेले केरोजेन असते. हवा लागू न देता तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की तेल व वायू सुटतात. ही क्रिया म्हणजे पायरोलिसिस, उष्णतेने होणारे विघटन.

खडक नसला तरी आपल्याकडे ऊस आहे. हेक्टरी आठ-दहा टन वाळलेले पाचट रानात उरते आणि बरेचसे तिथेच पेटवले जाते. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ने (‘आरती’) याच पाचटाचा कोळसा करणारी भट्टी तयार केली. सातारा जिल्ह्यात फलटणला संस्थेचे केंद्र आहे. या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

भट्टीची रचना हुशारीची आहे. पाचट बंद पिंपांत भरून बाहेरून तापवतात. पिंपांतून सुटणारा वायू त्याच जाळात जळतो, त्यामुळे वेगळे इंधन फारसे लागत नाही. उरलेल्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडतात.

मात्र ‘कचऱ्यातून सोने’ असे कौतुक करताना दोन रकाने रिकामे राहतात.

पहिला रकाना उष्णतेचा. एक किलो कोरड्या पाचटात सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातून पाव किलोच्या आसपास कोळसा मिळतो. पाचटातली सगळी राख त्यातच उतरते, म्हणून त्याची ऊर्जा किलोला सुमारे २२ मेगाज्यूल धरू. म्हणजे हाती साडेपाच, जेमतेम तिसरा हिस्सा! बाकीची वायूबरोबर गेली. पायरोलिसिस ऊर्जा निर्माण करत नाही, ती फक्त वेगळी काढते. तरीही हा व्यवहार तोट्याचा नाही. पाचट चुलीत भुरुभुरु जळून जाते. कोळसा मंद, धुराविना जळतो. ‘आरती’च्याच सराई कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर कुटुंबाचा स्वयंपाक होतो. भट्टीत गमावलेले पातेल्यापाशी बरेचसे भरून निघते.

दुसरा रकाना जमिनीचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. खोडव्यात पसरलेले पाचट बाष्पीभवन रोखते, तण दाबते आणि कुजून सेंद्रिय कर्ब वाढवते. टेंभू योजनेत कृष्णेचे पाणी कराड तालुक्यातून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून सांगलीच्या दुष्काळी भागापर्यंत नेले जाते. तिथे आच्छादनाने वाचलेले पाणी म्हणजे वाचलेली वीजच. हा हिशेब भट्टीच्या वजनकाट्यावर दिसत नाही.

म्हणून निवाडा सरसकट देता येत नाही. जिथे शेतकरी पाचट पेटवणारच आहे, तिथे भट्टी निःसंशय चांगली. जिथे तो ते कुजवतो, तिथून ते उचलून आणणे चूक. पाचटाला भाव आला की हा फरक पुसला जाण्याचा धोका आहे.

वर्गात ‘टाकाऊपासून ऊर्जा’ हा विषय येईल, तेव्हा विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे : हे टाकाऊ आहे, असे कोणी ठरवले?