घाटातले दिवे आणि पेशींचा माग

रात्री साक्रीहून नवापूरकडे निघालं की कोंडाईबारी घाटात समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे वळणाआड दडतात आणि पुन्हा दिसतात. दडला तोच ट्रक बाहेर आला, की त्याला मागे टाकून आलेली एसटी? जिवंत पेशींचे चकाकते व्हिडिओ मोजणाऱ्यांपुढे हाच पेच असतो. चित्र स्वच्छ करणं आणि पेशी वेगळ्या काढणं यांत या क्षेत्राने मोठी मजल मारली. कोणती पेशी कोणती हे शेवटपर्यंत धरून ठेवणं मात्र अजून कच्चंच आहे, असं माझं मत आहे.

अडचण प्रकाशापासूनच सुरू होते. पेशी चमकवायला वापरलं जाणारं जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन शिमोमुरांनी १९६२ साली वेगळं केलं. चाल्फींनी १९९४ मध्ये ते जिवाणू आणि गोलकृमींत चमकवून दाखवलं. पण चमक आणणारा प्रकाशच प्रथिन फिकं करतो, पेशीला इजाही करतो. म्हणून प्रकाश बेताचा ठेवायचा, आणि मग चित्र दाणेदार होतं. मिडियन फिल्टर दाणे पुसतो, सोबत बारीक ठिपकेही पुसून टाकतो. शिकवून तयार केलेली न्यूरल नेटवर्कं देखणं चित्र देतात, पण नसलेली रचनाही त्यात उमटू शकते. तेज मोजायचं असेल तर व्हिडिओच्या मूळ चौकटीवरच मोजावं.

चित्रातून विखुरलेल्या पेशी वेगळ्या काढायला ओत्सूंची १९७९ ची, तेजावर चालणारी उंबरठा-पद्धत आजही पुरते. दोन पेशी चिकटल्या की तिला एकच डाग दिसतो. वॉटरशेड पद्धत मध्ये बांध घालते, पण दाण्यांना फसून एकाच पेशीचे चार तुकडेही करते. इथे २०१५ च्या यू-नेटने आणि पुढे स्टारडिस्ट, सेलपोज या न्यूरल नेटवर्कांनी खरोखर फरक पाडला.

माग काढण्यात असा विजेता नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कणांचा माग काढणाऱ्या १४ गटांच्या पद्धती संगणकाने बनवलेल्या त्याच त्या व्हिडिओंवर तपासल्या गेल्या. सगळीकडे सरस अशी एकही ठरली नाही.

पुण्याच्या आयसरमधल्या चैतन्य आठल्यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेलं सॉफ्टवेअर 'अ‍ॅमट्रॅक' मला म्हणूनच आवडतं. ते कायमोग्राफवर चालतं. त्यासाठी व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीतून एकाच रेषेची पट्टी कापायची आणि पट्ट्या एकीखाली एक लावत जायच्या. पेशीतला थांबलेला कण सरळ उभी रेघ काढतो, चालणारा तिरकी. वेग जास्त, तितकी रेघ आडवी. तेजाची शिखरं शोधून अ‍ॅमट्रॅक या रेघा आपोआप जोडतं. कण रेषेबाहेर गेला तर हाती काही लागत नाही, पण मज्जातंतूसारख्या अरुंद वाटेवर हा सौदा परवडतो.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या कॉलेजला झेपणारा नाही. पण 'सेल ट्रॅकिंग चॅलेंज' या स्पर्धेचे व्हिडिओ खुले आहेत, चित्रं तपासायचं फिजी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. साक्रीतल्या विद्यार्थ्याने त्यातला एक व्हिडिओ घ्यावा, ५० चौकटींत एका पेशीवर आणि ती विभागून झालेल्या तिच्या लेकींवर हाताने खुणा कराव्यात, मग फिजीतलं माग काढणारं ट्रॅकमेट चालवून त्याने पेशींना दिलेली नावं किती ठिकाणी बदलली ते मोजावं.