श्रमतासांचा हिशेब व अक्षपटल : एक परीक्षण

पॉल कॉकशॉट व अ‍ॅलिन कॉट्रेल या उभयतांचा ‘टोअर्ड्स ए न्यू सोशॅलिझम’ हा इंग्रजी ग्रंथ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. सोव्हिएट संघ १९९१ सालीं लयास गेल्यावर लागलीच नियोजनाचा पक्ष मांडण्यास धैर्य लागतें. तें ग्रंथकारांपाशीं आहे. बाजाराशिवाय वस्तूंच्या मोलाचा हिशेबच अशक्य, असा आक्षेप लुडविग फॉन मीझेस यानें १९२० सालीं घेतला होता. ग्रंथकारांचें उत्तर असें कीं, प्रत्येक वस्तूस किती श्रमतास लागले हें संगणकांच्या जाळ्यावरून काढावें व कामगारास केलेल्या तासांची हुंडी द्यावी. (हुंडी म्हटलें तरी ती दुसऱ्यास वळवितां येत नाहीं, माल घेतांच रद्द होते.) लक्षावधि समीकरणें सोडवावयाचीं कशीं, या शंकेचें निरसन तर फारच समर्पक आहे. कोणत्याहि एका वस्तूस लागणारीं साधनें मोजकींच असतात. म्हणून कोष्टकांतील बहुतेक घरें रिकामीं राहतात, आणि पुनःपुन्हां शोधीत गेल्यास उत्तर हवें तितकें जवळ येतें. गणितापुरता ग्रंथ आम्हांस पटला.

परंतु कोष्टकांत पडणारा अंक लिहितो कोण? कौटिल्यानें अक्षपटलाची, म्हणजे हिशेबदफ्तराची, व्यवस्था सांगून झाल्यावर लगेच पुढील अध्यायांत अपहाराचे चाळीस प्रकार गणले आहेत. त्यांतील कित्येक केवळ नोंदीचे आहेत : आधीं आलेलें मागाहून दाखविणें, थोडें आलेलें पुष्कळ लिहिणें. नोंद खरी कशी राहील याचें विवेचन प्रस्तुत ग्रंथांत आम्हांस अपुरें वाटलें. श्रमिकांच्या उत्पादकतेनुसार प्रती पाडाव्या असें ग्रंथकार सुचवितात. तेथेंहि हाच प्रश्न उभा राहतो.

चिलीचा अनुभव या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. स्टॅफर्ड बिअर यानें १९७१ पासून तेथील राष्ट्रीकृत कारखान्यांसाठीं टेलेक्स यंत्रांचें जाळें उभारण्यास साहाय्य केलें. ऑक्टोबर १९७२ च्या मालमोटारवाल्यांच्या संपांत तें सरकारच्या फार उपयोगीं पडलें. मात्र कारखान्यांचे नमुने आंखले अभियंत्यांनीं. कामगारांचा वांटा त्यांत अल्पच राहिला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानें सर्वच प्रयोग संपला.

इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना पुण्यांत १९९३ सालीं स्थापन झाली. तिच्यांतून कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली व २००८ सालीं तिचा पुणें महानगरपालिकेशीं करार झाला. घरोघरचें मासिक शुल्क व सुक्या मालाची विक्री यांवर सभासदांचें उत्पन्न चालतें. आतां वारज्यांतील एखाद्या उंच इमारतींत ओला व सुका कचरा एकत्रच मिळाला, तर तो निवडण्याचा तास वेचणाऱ्या बाईवर पडतो. ग्रंथकारांच्या कोष्टकांत हा तास कोणाच्या खातीं घालावयाचा? शुल्क तर दोन्ही घरांचें सारखेंच. संस्थेच्या सभासद स्त्रियांनीं तो स्वतः मोजून मांडल्याखेरीज संगणकास कळण्याचा मार्ग आम्हांस या ग्रंथांत सांपडला नाहीं.