आखूड पास, लांब चेंडू

सर्जिओ लोबेरा हा माणूस मुंबईकरांना पहिल्यांदा नीट कळला तो प्रतिस्पर्धी म्हणून. मार्च 2019, अंधेरीचं मैदान, इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना. पहिला गोल मुंबई सिटीच्या रेनियर फर्नांडिसने केला आणि त्यानंतर एफसी गोवाने पाच केले. हरणं आम्हाला नवीन नव्हतं, पण त्या संध्याकाळनंतर मनात राहिलं ते वेगळंच काही. बहुतेक संघ स्वतःच्या गोलपाशी चेंडू आला की जमेल तितक्या जोरात तो पुढे भिरकावतात. गोव्याचे खेळाडू मात्र तिथेच, पाच-सात पावलांच्या अंतरावर, एकमेकांना शांतपणे पास देत होते. आमचे खेळाडू चेंडू हिसकावायला धावत आणि ते धावले की त्यांच्या पाठीमागचं मैदान मोकळं होई. हा खेळ आपला असता तर, असं तेव्हा वाटून गेलं होतं.

2020च्या ऑक्टोबरात तोच माणूस आमचा प्रशिक्षक झाला. त्याच्या पहिल्या हंगामाचा हिशेब सोपा आहे: 20 साखळी सामने, 12 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव, 35 गोल, 40 गुण; लीग विनर्स शील्ड आणि अंतिम सामन्याचा चषक, दोन्ही एकाच वर्षी. त्याआधी सहा हंगामांत क्लबला यातलं काहीच मिळालं नव्हतं. पण आकडे सांगून हा हंगाम संपत नाही. मला त्यात पुन्हा पुन्हा ओढून नेणारी गोष्ट एकच आहे. आखूड पासांवर इतकी निष्ठा असलेल्या प्रशिक्षकाचा संघ सगळ्यांत मोठ्या सामन्यात लांब, उंच चेंडूंवर जिंकला. हे कसं घडलं?

आधी पार्श्वभूमी, कारण तिच्यात एक दुखरी जागा आहे. 2019च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीची 65 टक्के मालकी घेतली. पुढच्याच जानेवारीच्या शेवटी, साखळी ऐन रंगात असताना, गोव्याने लोबेराला काढलं. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली गोव्याने ती साखळी जिंकली खरी, पण काही महिन्यांत लोबेरा मुंबईला आला आणि त्याच्या मागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाईही आले. गोव्यातल्या चाहत्यांना काय वाटलं असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यातून करोनामुळे अख्खी स्पर्धा गोव्यातच, प्रेक्षकांविना भरली: फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळीचं मैदान. मुंबईचं ‘घरचं’ मैदान बांबोळी ठरलं. जे गोव्याचे होते ते मुंबईचे होऊन गोव्यातच खेळत होते आणि कुंपणापलीकडून त्यांना पाहायची मुभा ना आम्हाला होती, ना गोवेकरांना. अंधेरीत वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाच्या ढोलांनी आणि ‘आमची सिटी’च्या घोषांनी भरून जाणाऱ्या गॅलरीची जागा टीव्हीच्या पडद्याने घेतली. मैदानात जाता न येण्याचं दुःख मला आजही आहे. पण पडद्यावर सामना थांबवून, मागे नेऊन पाहता येतो. हा संघ माझ्या लक्षात राहिला तो त्या सवयीमुळे.

21 नोव्हेंबरला पहिलाच सामना हरलो. नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध पूर्वार्धातच जाहूला लाल कार्ड, मग एक पेनल्टी, 0-1. चार दिवसांनी फातोर्ड्यावर थेट एफसी गोवा. गोव्याचा एक खेळाडू मध्यंतराआधीच बाहेर गेला होता, तरी दहा जणांचा बचाव मुंबईला फुटेना. अखेर भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली आणि ॲडम ले फाँड्रने ती मारली. त्या विजयात सौंदर्य फारसं नव्हतं. पण सामना पुन्हा पाहताना एक गोष्ट जाणवते: वेळ संपत आली, गोल होत नाही, तरी मुंबईचा एकही खेळाडू घाईने चेंडू गोलसमोर टाकून मोकळा होत नाही. पुन्हा मागे, पुन्हा बाजूला, पुन्हा आत. इतक्या लवकर, इतक्या नव्या संघात हा धीर आला कुठून? बार्सिलोनाच्या युवा संघांबरोबर घडलेला, तिथे तितो विलानोवाचा साहाय्यक राहिलेला हा माणूस सरावात याच्याशिवाय दुसरं काही करवून घेत नसावा, असं वाटतं.

पुढचे अकरा सामनेही मुंबई हरली नाही. गोव्याचा सामना धरून सलग बारा, त्यांतले नऊ जिंकलेले. या काळातलं कुठलंही एक मिनिट घ्या आणि चेंडूकडे न पाहता माणसांकडे पाहा. गोलरक्षक अमरिंदर सिंगने चेंडू सोडला की दोन मध्यबचावपटू एकमेकांपासून दूर सरकतात. त्यांतला एक सेनेगलचा उंचापुरा फॉल. दुसरा बऱ्याचदा हर्नान सांताना, जो मुळात मधल्या फळीतला. बचावात मिडफिल्डर उभा करणं हाच लोबेराचा हेतू सांगणारा पुरावा आहे: चेंडू पहिल्यांदा ज्याच्या पायाशी येईल त्याला पास देता आलाच पाहिजे. डावीकडे मंदार. गोव्यात तो विंगर म्हणून नावारूपाला आला. फुलबॅक त्याला लोबेरानेच बनवलं. म्हापशाच्या बाजूचा हा मुलगा रेषेला चिकटून इतका वर जातो की पुढचा बिपिन सिंग आत वळू शकतो. आणि या सगळ्यांच्या मध्ये जाहू. मोरोक्कोचा, अंगाने जडसर, धावण्यात मंद. अनेकांना तो आळशी वाटे. मला त्याच्या मंदपणातच या संघाचा ठेका सापडला. चेंडू पायाखाली घेऊन तो थांबतो. समोरचा आघाडीपटू धावून येईपर्यंत थांबतो. चढाईवाला कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूपुढे पाय मुद्दाम रेंगाळत ठेवतो ना, त्याने पकडीला झेप घ्यावी म्हणून, अगदी तसं. समोरच्याने झेप घेतली की जाहूचा पास निघून गेलेला असतो आणि त्याने सोडलेल्या जागेत बुमू नाहीतर रेनियर उभा असतो.

या खेळाला धीट म्हणायचं ते एवढ्यासाठी की झेप घेणारा वेळेआधी पोहोचला तर मागे कोणी नसतं. फेब्रुवारीत ते दिसलं. 30 जानेवारीला नॉर्थईस्टने दुसऱ्यांदा हरवलं आणि तिथून पाच सामन्यांत मुंबईचा एकच विजय. बंगळुरूने चार गोल केले, जमशेदपूरने दोन. 8 फेब्रुवारीचा गोव्याविरुद्धचा सामना मात्र मी या पडझडीत मोजत नाही. 3-3 अशा त्या सामन्यात रॉलिन बोर्जेसने 90व्या मिनिटाला मुंबईला पुढे नेलं आणि बदली आलेल्या ईशान पंडिताने सहाव्या भरपाई मिनिटाला बरोबरी केली. दोन्ही संघ एकाच शाळेतले असल्यासारखे खेळले. तसा सामना पाहायला मिळाला तर दोन गुण गेल्याची हळहळ मी आनंदाने सोसेन.

त्या दिवसांत लोबेराला सल्ले देणारे खूप होते: मागून खेळणं थोडं आवरा, चेंडू लवकर पुढे टाका. तो बदलला नाही. ओडिशाविरुद्ध 6-1, त्यात बिपिनची हॅट्‌ट्रिक, आणि मग 28 फेब्रुवारी. साखळीचा शेवटचा दिवस, समोर एटीके मोहन बागान. त्यांचे 40 गुण, आपले 37. त्यांना बरोबरीही पुरणार होती. त्यांचा प्रशिक्षक अंतोनियो लोपेझ हबास, बचावाचा पक्का कारागीर. साखळीच्या 20 सामन्यांत त्याच्या संघाने फक्त 15 गोल खाल्ले. दोन स्पॅनिश माणसं, दोन टोकांच्या श्रद्धा. आणि मुंबईचे गोल कसे झाले? सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर फॉलचं डोकं. 39व्या मिनिटाला सांतानाची फ्री किक आडव्या दांड्यावर आपटली आणि परत आलेला चेंडू आघाडीपटू ओगबेचेने डोक्याने आत ढकलला. वीस-पंचवीस पासांची साखळी यात कुठेच नाही. 2-0. गुण समान झाले, परस्परांतले दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले, त्यामुळे शील्ड आणि एएफसी चॅम्पियन्स लीगची जागा आपली.

उपांत्य फेरीत पुन्हा गोवा, जणू हे नातं एकदा निकाली काढल्याशिवाय हंगाम संपणारच नव्हता. फातोर्ड्यावर 2-2, बांबोळीत 120 मिनिटं 0-0. शूटआउटच्या तोंडावर दोन्ही प्रशिक्षकांनी गोलरक्षक बदलले. मुंबईचा कर्णधार अमरिंदर बाहेर आणि सिक्कीमचा फुर्बा लाचेन्पा आत. संबंध हंगाम ज्याच्या पायांपासून डाव सुरू झाला त्यालाच शेवटच्या क्षणी बसवणं सोपं नसणार. पण पेनल्टीत पाय कामाचे नसतात, हात लागतात. स्वतःच्या तत्त्वाला कुठे थांबवायचं हे लोबेराला नेमकं ठाऊक होतं. पाच-पाच किक्सनंतरही निकाल लागला नाही. शेवटी गोव्याच्या ग्लॅन मार्टिन्सची किक चुकली आणि मुंबईच्या रॉलिन बोर्जेसची गेली. 6-5. दोघेही गोव्याचे सुपुत्र.

आता अंतिम सामना. 13 मार्च, फातोर्डा, पुन्हा मोहन बागान. 18व्या मिनिटाला जाहू स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राजवळ चेंडू घेऊन नेहमीसारखा थांबला. बागानचा रॉय कृष्णा वेळेआधी पोहोचला, चेंडू हिसकावला, डेव्हिड विल्यम्सला दिला आणि जाळं हललं. हंगामभर ज्या धिटाईवर आम्ही जीव लावला तिनेच अंतिम सामन्यात गोल दिला. अशा वेळी खेळाडू लपतो, पुढचे दहा पास सोपे देतो. जाहूने पुन्हा मागे येऊन चेंडू मागितला. 29व्या मिनिटाला त्याच पायातून निघालेला लांब चेंडू बिपिनच्या धावेच्या रोखाने बचावाच्या डोक्यावरून गेला. त्यांचा बचावपटू तिरी मागे धावत होता, गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला होता; तिरीचं डोकं लागलं आणि चेंडू अरिंदमला ओलांडून स्वतःच्याच गोलमध्ये गेला. वर्तमानपत्रांच्या लेखी तो तिरीचा स्वयंगोल. मला तो जाहूचा पास वाटतो. 11 मिनिटांपूर्वी याच माणसावर झडप घालून गोल मिळाल्यावर पुन्हा झडप घालावीशी वाटणारच. त्यासाठी संघ वर सरकतो. वर सरकला की मागे जागा उरते. त्या जागेत पडलेला तो चेंडू आखूड पासांचं फळ होता. शंभरदा जवळ दिल्यामुळे एकदा लांब देता आला.

मध्यंतराच्या सुमारास सामना थांबला. मुंबईचाच उजवा फुलबॅक अमेय रानवडे बागानच्या शुभाशिष बोसशी आदळून निपचित पडला होता. मैदानात रुग्णवाहिका आली. त्या काही मिनिटांत चषकाचं कुणाला काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. मला तर नाहीच. अमेय शुद्धीवर असल्याचं कळेपर्यंत पुढचा खेळ मी पाहिला नाही म्हटलं तरी चालेल.

90वं मिनिट. पुन्हा मागून आलेला लांब चेंडू, पुन्हा बागानचा बचाव आणि अरिंदम यांच्यात गोंधळ, पण या वेळी त्या गोंधळात ओगबेचे घुसलेला. त्याने चेंडू सोडवून बिपिनकडे सरकवला आणि बिपिनने तो रिकाम्या गोलमध्ये मारला. 2-1. एका हंगामात हबासच्या संघाला तिसऱ्यांदा हरवलं.

नशिबाचा चषक, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. प्रतिस्पर्ध्याच्या दोन चुकांवर मिळालेला. ही टीका मला मान्य नाही. त्या चुका करायला लावण्यासाठीच तर हा संघ नोव्हेंबरपासून स्वतःच्या गोलपाशी जीव धोक्यात घालून पास देत होता. दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे: हा गोव्याकडून उचललेला संघ होता. यातलं खरं ते खरंच. फॉल, जाहू, बुमू, मंदार यांच्याशिवाय हा खेळ उभा राहिला नसता आणि ज्यांच्याकडून ते गेले त्यांची नाराजी रास्त आहे. पण शूटआउटची शेवटची किक मारणारा रॉलिन 2019 मध्ये नॉर्थईस्टहून मुंबईत आला होता, लोबेराच्या वर्षभर आधी. अमरिंदर कित्येक हंगाम आमच्या गोलात उभा होता. आणि चषक जिंकून देणारा मणिपूरचा बिपिन 2018 साली कोलकात्याच्या एटीकेकडून मुंबईत आला, तेव्हा त्याची मोठी बातमीही झाली नव्हती. लोबेराने त्याला डावीकडे ठेवलं, मंदारला त्याच्या पाठीशी दिलं आणि जाहूच्या चेंडूवर कधी धावायचं ते शिकवलं. त्या हंगामात त्याचे सहा गोल झाले. 90व्या मिनिटाचा तो सहावा.