शेवटच्या कडव्यातला वामन

नाशिकमध्ये 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी हमखास वाजतात. ध्रुवपद येते, पहिले कडवे येते, पोरे बेभान नाचू लागतात आणि डीजेवाला पुढच्या गाण्यावर उडी मारतो. शेवटचे कडवे राहून जाते. 'वामन' असतो तो नेमका त्याच कडव्यात.

शेवटी कवीने आपले नाव गुंफण्याची, म्हणजे नाममुद्रेची, ही रीत संतांच्या अभंगांतून आलेली. वामनदादांच्या हाती मात्र ती हक्काची खूणही झाली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 15 ऑगस्ट 1922 ला जन्मलेल्या या माणसाला शाळा मिळाली नाही. मुंबईत कष्टाची कामे करता करता, दुकानांच्या पाट्या वाचत तो अक्षरे शिकला. 1943 मध्ये पहिले गाणे रचले आणि 'वाटचाल' हा संग्रह आला 1973 मध्ये. मधली तीस वर्षे गाणी वह्यांतून, गायनपार्ट्यांतून, तोंडातोंडी फिरली. कवी कोण, हे ऐकणाऱ्याला त्या शेवटच्या कडव्यातूनच कळे.

याच काळात अमेरिकेतल्या शहरांत कृष्णवर्णीय मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर जमून, वाद्यांवाचून, चार-पाच आवाज एकमेकांत गुंफून गात. तोंडानेच ठेका धरत. रिदम अँड ब्लूजची ही शाखा, ड्यू-वॉप, गरीब वस्त्यांतूनच उगवली. पण तिला नाममुद्रा नव्हती. 1956 मध्ये गाजलेले 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' आपण लिहिले, हे हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट यांनी ज्युरीकडून मान्य करून घेतले तेव्हा 1992 साल उजाडले होते. पुढे अपिलात, दावा मुदतीत केला नाही म्हणून, तोही निकाल फिरला.

आपल्याकडे अशा दाव्यापर्यंत कोण पोचणार?

गाण्यांची ही परंपरा वामनदादांच्याही आधीची. नाशिकच्या 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहानंतरच्या वर्षांत जलसाकार भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी ढोलकी-तुणतुण्यावर आंबेडकरी चळवळ गावोगाव नेली. तमाशाचा घाट त्यांनी घेतला आणि त्यातून विचार मांडला. पुढे कव्वालीचे सामने आले, मग कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज घराघरांत गेला. आज एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलवरून पोचतात. आवाजांची वाण कधीच पडली नाही. कोरसची मात्र पडली: तयार ट्रॅकवर एकटा गायक उभा राहतो आणि मागून झेलणारे चार गळे दिसत नाहीत. त्याहून मोठी उणीव लेखणीची आहे. नव्या भीमगीतांत जयघोष उदंड, प्रश्न थोडे. वामनदादा बाबासाहेबांना वंदन करत तसेच देशाच्या संपत्तीतला आपला वाटा रोखठोक मागत, आणि आपल्याच माणसांनाही जाब विचारत. भक्ती आणि जाब एकाच चालीत बसवणे फार अवघड असते. म्हणूनच ती गाणी अजून ताजी आहेत.

वामनदादा 15 मे 2004 ला नाशिकमध्येच गेले. येत्या जयंतीला ज्यांच्या हाती माईक असेल, त्यांना एवढीच विनंती: गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत गा, आणि सुरू करण्याआधी ते लिहिणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा.