अनुयायी किती आणि प्रभाव किती?

ट्विटरवर (२०२३ पासून त्याचे नाव 'एक्स' झाले) कोणाचे वजन किती, हे सहसा अनुयायांच्या म्हणजे 'फॉलोअर्स'च्या संख्येवरून ठरवतात. हा मापदंड मीयंग चा व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तपासून पाहिला. निबंध आता जुना झाला. तरीही शिक्षकांनी तो वाचावा असे आम्हाला वाटते, कारण त्यात मापनाचा एक उत्तम धडा आहे.

संशोधकांकडे सुमारे साडेपाच कोटी खात्यांची माहिती होती. दहापेक्षा कमी ट्वीट असलेली आणि नाव नीट न मिळालेली खाती गाळल्यावर जेमतेम ६२ लाख उरली. म्हणजे दर नऊ खात्यांमागे एक! गाळलेली मंडळी बहुतेक मुकीच. पण कोणाचे तरी अनुयायी म्हणून त्यांची गणती होतच होती.

या ६२ लाखांचे तीन प्रकारे क्रम लावले: अनुयायी किती, इतरांनी पुढे पाठवलेले ट्वीट (रीट्वीट) किती आणि नामोल्लेख किती. क्रम एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्यासाठी स्पिअरमन यांचा १९०४ सालचा क्रम-सहसंबंध वापरला. क्रम तंतोतंत जुळले तर उत्तर १, काहीच संबंध नसेल तर ० च्या आसपास.

सर्वांना धरले तर अनुयायी व रीट्वीट यांचा सहसंबंध ०.५५ येतो. बरा वाटतो. पण सर्वाधिक अनुयायी असलेले दहा टक्केच घेतले की तो ०.१२ वर घसरतो. असे का व्हावे? समजा, शाळेतील ५०० मुलांपैकी ४०० मुले ग्रंथालयात फिरकत नाहीत आणि वर्गात प्रश्नही विचारत नाहीत. दोन्ही याद्यांत ती तळाशी एकत्र बसतात आणि केवळ त्यांच्यामुळे वाचन व प्रश्न यांचे नाते घट्ट भासते. उरलेल्या शंभरांत ते नसेलही. शून्याशी शून्य जुळले, इतकेच. निबंधातला हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. (रीट्वीट व नामोल्लेख यांचे नाते मात्र त्याच वरच्या दहा टक्क्यांत ०.६४ इतके टिकून राहते.)

एका बाबतीत आमचे लेखकांशी जमत नाही. त्यांनी रीट्वीटची एकूण संख्या घेतली, दर ट्वीटमागे किती हे घेतले नाही. तसा भागाकार त्यांनी करून पाहिला होता. तेव्हा आपापल्या लहान वर्तुळातील वजनदार माणसे वर आली व एकूण आकड्यात पुढे असलेली मागे पडली, म्हणून तो मार्ग सोडला. पण दिवसभर बोलणाऱ्याचे बोलणे अधिक वेळा पुढे जाणारच! त्यात सातत्य किती आणि शब्दाची किंमत किती, हे वेगळे काढायलाच हवे होते. दोन्ही कोष्टके शेजारी छापली असती तर वाचकाला ठरवता आले असते.

नववी-दहावीच्या वर्गात ग्रंथालयाची नोंदवही घेऊन हे करून पाहता येईल. क्रम आधी सर्वांचे लावावेत, मग शून्यवाले वगळून.